अण्णांची लाल पाटी

रविवारचं जेवण उरकलं की गोरक्ष अण्णा कॉम्प्युटर बिघडवायला बसत. बिघडवायचा तोही अगदी बेतानं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये सगळी नोकरी झालेली. कशाला किती हात लावायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

एकुलता एक मुलगा रविराज आयर्लंडला होता. जाण्यापूर्वी त्यानं जेल रोडच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू टाकून दिलं होतं, व्हायरसची कटकट नको म्हणून. दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, आईचा गुडघा काय म्हणतो. एवढं झालं की दोन्हीकडचं बोलणं संपायचं. "चला अण्णा, ठेवतो," तो म्हणायचा, आणि अण्णाही लगेच "ठेव, ठेव" म्हणायचे. नंतर मात्र हातातल्या फोनकडे बघत बसायचे. त्यांना मुलगा हवा होता, आणि वाट्याला येत होती ती नुसती चौकशी.

पहिल्यांदा कॉम्प्युटर खरंच बिघडला होता. उबुंटूची नवी आवृत्ती घेताना गाडी मध्येच अडली. प्रिंटरसाठी बाहेरून आणलेलं एक जुनं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, नव्या पॅकेजांशी जमवून घेईना. एकाला जे हवं, ते दुसऱ्याला चालेना. रविराज तिकडून इंटरनेटवरून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तेव्हा पोरगं शेजारच्या खुर्चीत येऊन बसलंय असंच अण्णांना वाटलं. पॅकेजं उतरायला वेळ लागत होता, आणि रिकामा बसलेला माणूस बोलतोच. त्या दुपारी रविराजनं घरमालकिणीच्या आगाऊ मांजराचं सांगितलं, करपलेल्या खिचडीचं सांगितलं, आणि बोलता बोलता, इथं संध्याकाळी फार एकटं वाटतं, हेही सांगून गेला. घरात होता तेव्हासुद्धा तो इतकं कधी बोलला नव्हता.

झालं, अण्णांना चटक लागली. व्हिडिओ बघून बघून ते शिकले. कधी एखादं पॅकेज अर्धवट काढून ठेवायचे, कधी भलतंच आणून बसवायचे. अशातच त्यांना 'होल्ड' सापडला. एखाद्या पॅकेजला होल्ड लावला की ते आहे तिथून हलत नाही, आणि त्याच्यापायी बाकीच्यांचंही घोडं अडतं. अण्णांना ही तर आपली लाल पाटीच वाटली. वीज केंद्रात कुणी यंत्रावर कामाला उतरला की तो कुणी चालू करू नये म्हणून स्विचवर स्वतःच्या नावाची लाल पाटी अडकवायचा. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची; साहेबसुद्धा तिला हात लावत नसे. रविराजच्या दहावीला अण्णांनी तसली पाटी घरच्या टीव्हीवर लावली होती, आणि ते ड्यूटीवर असतानाही पोरानं ती काढली नव्हती.

वत्सलाबाईंना नवऱ्याचे हे उद्योग ठाऊक होते. धडधाकट कॉम्प्युटरला कशाला आजारी पाडता, सरळ सांगा ना त्याला बोलत जा म्हणून, असं त्या एका रविवारी म्हणाल्या. मागून घेतलेल्या बोलण्यात काय राम, असं म्हणून अण्णांनी प्रिंटरच्या पॅकेजला होल्ड लावला आणि नवी आवृत्ती घ्यायला सुरुवात केली. ती अडायची तिथे बरोबर अडली.

रविराज आत शिरला. बाण फिरला, काही अक्षरं उमटली, आणि सगळं थांबलं.

"अण्णा, हे कुणीतरी हातानं अडकवलंय. असं आपोआप होत नाही."

अण्णांना वाटलं, आता हा चिडणार. पुन्हा कॉम्प्युटर बिघडला म्हटलं तर विश्वास ठेवणार नाही, आणि ही एक दुपारही हातची जाणार.

"तुम्ही लावलंय?"

"हां," अण्णा म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "दुसरं काय सुचलं नाय रे. हे बिघडलं की तू बसतोस. बोलतोस. लय आठवण येते तुझी."

रविराजनं बाण होल्डच्या ओळीवरून बाजूला नेला. मग म्हणाला, "पाटी तुमची आहे. मी कशी काढणार? तुम्हीच काढा. मी थांबलोय."

अण्णांनी होल्ड काढला. पुढचं सगळं बिनबोभाट पार पडलं, आणि अण्णांना ते फार लवकर झाल्यासारखं वाटलं. बाण आणखी थोडा वेळ इकडेतिकडे फिरला, पुन्हा काही अक्षरं उमटली. मग रविराज नेहमीसारखा "चला, ठेवतो" म्हणाला.

संध्याकाळी चहा घेता घेता अण्णांनी सवयीनं कॉम्प्युटरला विचारलं, होल्ड कशाकशाला आहे? उत्तर काहीच यायला नको होतं. पण एक नाव आलं. पत्त्यांचा तो खेळ, जो रविराज शाळेत असताना बापलेक एकाच खुर्चीत दाटीवाटीनं बसून खेळायचे.

वत्सलाबाईंनी डोकावून पाहिलं. आता हे कशाला ठेवलंय, काढून टाका की, त्या म्हणाल्या.

अण्णांनी डोळे पुसले आणि मान हलवली.

"ती माझी नाय. रवीची हाय. तोच येऊन काढील."