डावा अंगठा

चंद्रमतीला राग आला की ती आवाज चढवत नसे. ती प्रश्न विचारू लागे, आणि प्रश्न जितका साधा, तितका समोरच्याचा घसा अधिक कोरडा पडे. तंजावूरच्या एका महाविद्यालयात ती प्राणिशास्त्र शिकवी, आणि तिच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलीला ही गोष्ट पहिल्या महिन्यातच कळून चुके. त्या शनिवारी मैदानाच्या व्हरांड्यात लॅपटॉप मांडून बसलेल्या शेषगिरीला मात्र ती कळायची होती.

तिच्या भावाची मुलगी विनुता पायरीवर बसली होती. सकाळचा सामना संपून दुपार झाली तरी तिने बूट काढले नव्हते. विनुताचे आईवडील नोकरीसाठी मस्कतला असत, आणि आठवीतली ही मुलगी आत्याच्या घरी राहून, आत्याच्या समजण्यापलीकडच्या एका वेडात वाढत होती. फुटबॉल. ती डाव्या पायाची खेळाडू होती. डाव्या पायाने मारलेला तिचा चेंडू हवेत वळण घेऊन खांबाच्या आतून जाई, आणि त्या वळणामागचं भौतिकशास्त्र आत्याने तिला एकदा समजावूनही सांगितलं होतं. विनुताने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा तसाच चेंडू मारला.

आजची निवड 'उदयतारा परफॉर्मन्स पाथवे'ची होती. होतकरू मुलींना राहायची सोय, शाळा, रोजचं प्रशिक्षण आणि तीन वर्षांनी राज्याच्या संघाचं दार, असा तो मार्ग होता. गावात मुलींसाठी धड संघ नव्हता. विनुता आजवर खेळली ती मुलांच्या संघात, तेही कुणी आजारी पडला तर. हा मार्ग बंद झाला तर दुसरा नव्हता, हे तिला नीट ठाऊक होतं. सकाळच्या सामन्यात तिने दोन गोल केले होते, आणि पाथवेच्या प्रशिक्षक भुवना मिस यांनी तिच्या पाठीवर थाप मारली होती.

त्यानंतर मुलींना एकेक करून व्हरांड्यात बोलावलं गेलं. तिथे काचेच्या एका डबीवर अंगठा टेकवायचा, की लॅपटॉपला जोडलेल्या प्रिंटरमधून रंगीत वर्तुळांचा अहवाल बाहेर पडे. विनुताच्या अहवालात इंग्रजीत लिहिलं होतं: सहकार्यवृत्ती उत्तम, आक्रमकता कमी, चेंडूसाठी थेट झुंज टाळावी, नृत्य किंवा योग अधिक अनुकूल. खाली लाल शिक्का होता. अपात्र.

"अत्या, घरीं जाऊं," विनुता घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाली. "पोदुम. पुरे झालं."

"थांब, कण्णा," चंद्रमती लाडाने म्हणाली. "मला त्यांना एक गोष्ट विचारायची आहे."

"तूं एक म्हणतेस. मग दहा विचारतेस."

ते खरंच होतं. चंद्रमती शेषगिरीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. तो चाळिशीचा, कपाळाला ताजी विभूती लावलेला, अत्यंत नम्र माणूस होता. त्याने लगेच खुर्ची पुढे केली. बोलणं तमिळमध्ये झालं.

"हे यंत्र नक्की काय मोजतं?"

"जन्मजात गुण, मॅडम. अंगठ्यावरच्या रेषा आणि मेंदू यांचा थेट संबंध असतो. परदेशात सिद्ध झालेलं आहे."

"परदेशात कुठे?"

"परदेशात," शेषगिरी आदराने म्हणाला.

चंद्रमतीने मान हलवली. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आकार घेतात, आणि एकाच गर्भाशयातल्या एकरूप जुळ्या बहिणींच्या रेषाही वेगळ्या निघतात, हे ती दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवी. त्या रेषांना फुटबॉल कळतो, असं अद्याप कोणत्याही पाठ्यपुस्तकात आलेलं नव्हतं.

"तुम्ही मुलीचा डावाच अंगठा का घेतला?"

"मुलींचा डावा, मुलांचा उजवा. पद्धत आहे."

हे उत्तर ऐकून चंद्रमतीच्या मनात काहीतरी लख्खकन चमकलं. हा नियम तिने कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हे, तर वैत्तीश्वरन कोविल या देवळाच्या गावी ऐकला होता. ती सव्वीस वर्षांची असताना, लग्न ठरत नाही म्हणून आईने तिला नाडीभविष्य बघायला तिथे नेलं होतं. नाडी बघणाऱ्याने तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली होती, बाईचा डावा, पुरुषाचा उजवा म्हणत. मग ताडपत्रांचा जुडगा सोडून, सत्ताविसाव्या वर्षाच्या आत विवाह, असं ठणकावून वाचलं होतं. चंद्रमती आता बावन्न वर्षांची होती आणि अविवाहित होती. ताडपत्राचा तिला राग नव्हता. त्याने निदान विज्ञानाचा डगला घातला नव्हता.

"रेषा जन्मभर बदलत नाहीत, असं तुम्ही म्हणता?"

"कधीच नाही, मॅडम. तीच तर आमची खात्री."

"मग हिचा तोच अंगठा पुन्हा घेतला, तर अहवाल तोच यायला हवा."

"शंभर टक्के!"

विनुताला बोलावलं गेलं. तिने अनिच्छेने डावा अंगठा टेकवला. नाव तेच, जन्मतारीख तीच. अहवाल आला: सहकार्यवृत्ती उत्तम, नृत्य किंवा योग. शेषगिरीने विजयाने हात पसरले.

"छान," चंद्रमती म्हणाली. "आता फक्त एक गोष्ट बदलू. तोच डावा अंगठा, तीच तारीख. त्या चौकटीत 'स्त्री' आहे, तिथे 'पुरुष' करा."

"असं कसं करता येईल, मॅडम?"

"बोटाने. त्या बाणावर दाबा."

शेषगिरीने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात आईबाप जमू लागले होते. त्याने दाबलं. वर्तुळं फिरली, हिरवी झाली, आणि छापखान्याच्या आत्मविश्वासाने कागद बाहेर आला. आक्रमकता अत्युच्च. नेतृत्व अत्युच्च. जन्मजात स्ट्रायकर.

चंद्रमतीने कागद टेबलावर ठेवला आणि बोटाने एकेक ओळ दाखवत गेली. तिचा आवाज अजूनही वर्गातलाच होता, पण कानशिलं तापली होती.

"म्हणजे तुमच्या यंत्राला अंगठा दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त ही चौकट. मुलगा असला की स्ट्रायकर, मुलगी असली की नृत्य. आणि हे यंत्र तुम्ही मुलींमधली फुटबॉलपटू शोधायला आणलंत."

"मी फक्त चालवतो, मॅडम," शेषगिरी पुटपुटला. "आम्हाला असंच दिलंय."

तेवढ्यात पाथवेचे संचालक वेंकटरमण आले. पांढरा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि चेहऱ्यावर सगळं मिटवून टाकण्याची सवय. काय घडलं ते त्यांनी ऐकलं, दोन्ही कागद पाहिले आणि चंद्रमतीला बाजूला, गुलाबपाण्याच्या पन्नीर सोड्याच्या क्रेटपाशी नेलं. विनुता मागोमाग गेली. तिला कुणी हाकललं नाही.

"प्रोफेसर मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून स्पष्ट बोलतो. यंत्र प्रायोजकांनी दिलंय. ते वापरायचं असं करारात आहे. पण आमची नजर काही आंधळी नाही. मुलगी चांगली खेळते. आपण हा दुसरा अहवाल तिच्या फाइलला लावू. ती आत. विषय संपला."

"आणि बाकीच्या मुली?"

"तुम्ही तुमच्या मुलीसाठी आलात ना?"

चंद्रमतीने व्हरांड्यातल्या मुलींकडे पाहिलं. चुकीचा पुरावा आपल्या बाजूने पडला म्हणून बरोबर ठरत नाही, हे ती विद्यार्थिनींना जवळजवळ रागावून सांगत आली होती. पण समोर विनुताचे चिखलाने माखलेले बूट होते. मस्कतला भाऊ फोनची वाट पाहत होता. एका शब्दाचं काम होतं. आपण तो शब्द उच्चारणार आहोत, हे तिला जाणवलं, आणि स्वतःचीच किळस आली.

विनुताने संचालकांच्या हातातला दुसरा कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचू लागली.

"'ही इज अ बॉर्न स्ट्रायकर. ही डॉमिनेट्स द ऑपोनंट.'" ती थांबली. मग एकदम हसली. "अत्या, आपल्या भाषेंत वाचलं तर बरोबर आहे की! ही. म्हणजे मीच!"

चंद्रमतीलाही हसू आवरेना. तंजावूरच्या मराठी घरांत इंग्रजीतल्या 'ही'वर असे विनोद पिढ्यानपिढ्या होत आले असतील. वेंकटरमणना काही कळलं नाही. दोघी राजी झाल्या असं समजून तेही हसले. विनुताचं हसू मात्र तितक्यात गेलं.

"पण हा कागद इंग्रजींत आहे, अत्या. त्यांत मी नाही. तेथें कोणी मुलगा आहे." तिने कागदाची घडी घातली आणि तमिळमध्ये संचालकांना म्हणाली, "सर, मी गोल चुकवला की तुम्ही पहिला कागद काढाल. मारला की दुसरा काढाल. मला कुठलाच नको. मी सकाळी खेळले ते लिहून घ्या."

"बाळ, मोठ्यांच्या गोष्टी..."

"आणि लक्ष्मीप्रियाला पण आत घ्या. बचावात तिला ओलांडून कुणी जाऊ शकलं नाही. मीसुद्धा नाही. तिला भरतकाम सुचवलंय यंत्रानं."

लक्ष्मीप्रियाचे वडील नटराज टाउन बसवर कंडक्टर होते. खाकी गणवेशावरच आलेले ते गृहस्थ हे ऐकून पुढे सरसावले. "भरतकाम? घरी सुईत दोरा घालायला सांगितलं तर हिचा जीव जातो! सार, माझ्या पोरीलाही पुरुष करून बघा."

मग जे झालं ते थांबवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. नाकारलेल्या मुली एकापाठोपाठ येऊन अंगठा टेकवू लागल्या, आणि आईबापांच्या नजरेखाली शेषगिरी निमूटपणे बाण दाबत राहिला. जन्मजात स्ट्रायकर. जन्मजात स्ट्रायकर. ऐन उन्हात टोपी घालून उभी असलेली, आयुष्यात गोलखांब सोडून कधी पुढे न गेलेली गोलरक्षक मुलगीही जन्मजात स्ट्रायकर निघाली.

"अय्यो, मग गोलमध्ये कोण उभं राहणार?" कुणीतरी ओरडलं.

"यंत्र उभं राहील!"

वेंकटरमण यांनी पुढे होऊन लॅपटॉप बंद केला. प्रकरण आता मिटवण्याच्या पलीकडे गेलं होतं. "बस्स. आजची निवड रद्द. निर्णय चेन्नईतून होईल. याला जबाबदार कोण, ते तुम्हीच या पोरींना सांगा, प्रोफेसर मॅडम."

हसणं जागच्या जागी विझलं. चंद्रमतीने विनुताकडे पाहिलं. तिने घडी घातलेला कागद मुठीत चुरगळला होता. अनुमान निर्दोष होतं, प्रयोग चोख होता, आणि त्याची किंमत तेरा वर्षांच्या एका मुलीने भरायची होती. इतका वेळ आवरलेला संताप चंद्रमतीने मोकळा सोडला, आणि तिच्या विद्यार्थिनींनी कधीही न ऐकलेल्या आवाजात ती बोलली.

"जबाबदार मी? एका चौकटीत 'स्त्री' लिहिलं म्हणून ज्यांचा खेळ तुम्ही पुसून टाकलात, त्या पोरींसमोर तुम्ही मला जबाबदार म्हणता? सकाळी तुम्ही मैदानावर हजर होतात. डोळे होते तुम्हाला. ते कोणत्या करारात लिहून दिलेत?"

उत्तर आलं ते मैदानावरच्या शिट्टीचं. भुवना मिस मैदानाच्या मध्यावर उभ्या होत्या. त्या आतापर्यंत एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पाथवेची नोकरी त्यांना मोठ्या मुश्किलीने मिळाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सर," त्यांनी तिथूनच हाक दिली, "निवडपत्रावर प्रशिक्षकाची सही लागते. त्या कागदांवर मी सही करणार नाही. अजून उजेड आहे. मुलींना खेळू द्या. तुम्ही बघा नाहीतर बघू नका."

आईबाप सीमारेषेवर जाऊन उभे राहिले. एवढ्या माणसांसमोरून निघून जाणं वेंकटरमणना जमलं नाही. ते खुर्ची ओढून बसले.

विनुता वाईट खेळली. रागाने तिचे पाय जड झाले होते. पहिला चेंडू तिने आकाशात मारला, दुसरा सरळ गोलरक्षकाच्या हातात. चंद्रमतीला वाटलं, आपणच हे केलं. मग लक्ष्मीप्रियाने तिला धक्का देऊन पाडलं आणि उठवताना कानात काहीतरी म्हटलं. विनुता भडकून तिच्यामागे धावली, चेंडू काढून घेतला, आणि कोपऱ्याजवळून, जिथून कुणी मारत नाही तिथून, डाव्या पायाने मारला. चेंडूने वळण घेतलं. जाळी हलली. भुवना मिसनी शिट्टी वाजवली नाही. त्या लिहीत होत्या.

ऊन उतरल्यावर नावं वाचली गेली. विनुताचं होतं. लक्ष्मीप्रियाचंही होतं. वेंकटरमण यांनी मान खाली घालून सही केली.

"काय म्हणाली ती कानांत?" चंद्रमतीने विचारलं.

"म्हणाली, जा, घरीं जाऊन नाच." विनुताने नाक पुसलं. "बघतें तिला वसतिगृहांत!"

शेषगिरी सामान आवरत होता. निवडलेल्या मुलींची हजेरी त्याच डबीवर नोंदवायची, एवढं काम त्याच्याकडे उरलं होतं. "डावा, बाळ," तो सवयीने म्हणाला.

विनुताने त्याच्याकडे पाहिलं, मग गंभीर चेहऱ्याने चिखलाच्या बुटासकट डावा पाय उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला. "हा चालेल?"

नटराज खो खो हसले. शेषगिरीही हसला, आणि लाजून त्याने कागदावरच हजेरी मांडली. मग लॅपटॉप, डबी आणि कागदांचा गठ्ठा पेटीत भरून त्याने पेटी व्हॅनमध्ये ठेवली. चंद्रमती ते पाहत उभी होती. तिच्या प्रश्नांपैकी एक अजून उरला होता.

"हे यंत्र आता कुठे चाललं?"

शेषगिरीने व्हॅनचं मागचं दार लावलं. "उद्या ओरत्तनाडु, मॅडम. तिथेही मुलींची निवड आहे."

व्हॅन फाटकातून बाहेर पडली. विनुता पायरीवर बसून अखेर बूट काढत होती. चंद्रमती नटराजकडे वळली.

"ओरत्तनाडूला सकाळची पहिली बस किती वाजता सुटते?"