आत्याची चांगली प्रत

दादरच्या महिला मंडळाच्या भजन स्पर्धेत एकदा तरी नंबर यावा, एवढीच नलूआत्याची इच्छा होती. भजन फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. आत्या गायली, कमलाकांतकाकांनी पेटी धरली आणि पंख्याने घरघर केली.

"अर्णव, तेवढी घरघर काढून दे रे," आत्या म्हणाली.

मी तिच्या फोनमधली सगळी गाणी एका म्युझिक ॲपच्या क्लाउडवर चढवली. तिथे खराब फाइल काढून त्याच गाण्याची चांगली प्रत आपोआप ठेवतात. क्लाउडने आत्याचं भजन ओळखलं, खराब ठरवलं आणि त्या जागी मूळ गायिकेचं जुनं रेकॉर्डिंग ठेवलं. आत्याने ते न ऐकताच मंडळाला पाठवलं.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी काकांनी ऐकलं. "ही पेटी माझी नाही."

"कशावरून?"

"सुरात आहे."

मग आत्यानेही ऐकलं. "अगं बाई! आता नंबर आला तर मी तोंड कुठे लपवू?"

"सवय नाही ना," काका म्हणाले.

खरं सांगून टाकायला तिने मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन लावला. पण बाईंनी तिला बोलूच दिलं नाही. "नलूताई, वाईट वाटून घेऊ नका. आवाज बरा आहे, पण भाव कमी पडला. नंबर नाही आला."

आत्याने फोन ठेवला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, ऐकलंत का? म्हणजे माझं गेलं असतं, तर नंबर होता!"