एकटीला उचलवेल असं झाकण

बोटीच्या डेकवरचं झाकण कुजलंय, हे बाईंना कळून आठ महिने झाले होते. खालच्या झोपायच्या खोलीत उतरायला डेकमध्ये चौकोनी तोंड होतं, त्यावरचं ते झाकण. कडेला नख टेकवलं तरी रुतायचं, आणि पाऊस झाला की खालच्या गाद्या भिजायच्या. पण दोन वर्षं बोट धक्क्याला नुसती बांधून होती, त्यामुळे बाईही आज-उद्या करत राहिल्या.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, पण सगळी गल्ली त्याला कप्तान म्हणायची, कारण सुट्टी मिळाली रे मिळाली की स्वारी बोटीवर. मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातून वस्तरा गळून पडला आणि उजवी बाजू लुळी झाली. जीव वाचला. बोलणं हळूहळू परत आलं, मागोमाग थट्टामस्करीही आली. हातपाय तेवढे आले नाहीत.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा कप्तानानेच विषय काढला. बोट विकायची नाही, झाकण बदलून घे, म्हणाला. म्हणून त्या बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेल्या.

मिस्त्रींनी फळीवर नमुने मांडले. फायबर कुजत नाही, पण उन्हाने भुरकट होतं. जाड पारदर्शक प्लास्टिकने खोलीत उजेड येतो, पण त्यावर ओरखडे फार. मरीन प्लाय हलका, मात्र कडा नीट बंद केल्या नाहीत तर पाणी पितो. शेवटी सागवान. बाईंचा हात तिथेच थांबला. जुनं झाकण सागवानीच होतं, कप्तानाने स्वतः रंधा मारून केलेलं. सकाळी एका कडेला तो आणि दुसऱ्या कडेला त्या. तो “हं” म्हणाला की दोघं एकदम उचलायची, आणि मग खाली पडल्यापडल्या चौकोनभर आभाळ दिसायचं.

त्यांनी सागवान सांगून टाकलं. मिस्त्रींनी कुणाच्या तरी बोटीचं तेवढ्याच मापाचं झाकण पुढे केलं आणि उचलून बघायला सांगितलं. ते गुडघ्यापर्यंत आलं, पुढे काही जाईना. मिस्त्री उगाच रंध्याचं पातं पुसत बसले.

घरी येऊन बाईंनी सागवान ठरल्याचं सांगितलं. कप्तानाने विचारलं,

“तुला एकटीला उचलवेल का ते?”

“एकटीला कशाला? आपण दोघं...”

“मी नाही येणार आता. तुलाही ठाऊक आहे.”

“मग मी तरी जाऊन काय करू?”

“परत ये आणि मला सांग.”

बाई वाळलेले कपडे आवरायला उठल्या. एकाच सदऱ्याची त्यांनी तीनदा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना निरोप गेला. प्लाय घ्या, कडा राळेने पक्क्या बंद करा, वरून फायबरचा थर चढवा, बिजागऱ्या पितळी. रंगावरून मात्र कप्तानाने दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी पांढरा ठरला.

झाकण बसल्यावर पहिल्याच रविवारी बाई एकट्या निघाल्या. समोरच्या खाडीत नांगर टाकला, झाकण एका हाताने उघडलं आणि खाली जाऊन आडव्या झाल्या. झोपल्या त्या आपल्याच कडेला, भिंतीला चिकटून. अर्धी गादी रिकामीच राहिली.

संध्याकाळी कप्तान खिडकीशी वाट बघत होता. चहासुद्धा होऊ दिला नाही. वारा कुठून होता, शीड किती उघडलंस, वळसा कुठे घेतलास, एकेक विचारत सुटला. बाई सांगत गेल्या. तो डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर सुकाणू धरल्यासारखा इकडेतिकडे सरकत होता.

परतताना खरं तर वारा पार पडला होता, तासभर इंजिन लावावं लागलं होतं. पण सांगताना बाईंनी बोट थेट धक्क्यापर्यंत शिडावरच आणली.