जॅकपुरतं भोक

गाडीतल्या फ्रिजचं झाकण पुरतं उघडतं का ते बघायला नेव्हिलने सकाळपासून चौथ्यांदा हाक मारली, तेव्हा ग्वेंडा स्कोनचं पीठ मळत होती. पिठाच्या हातांनीच ती मागच्या अंगणात आली.

"उघडतंय," ती म्हणाली. "काल उघडत होतं, परवा उघडत होतं, आजही उघडतंय. त्या फ्रिजलासुद्धा कंटाळा आला असेल, नेव्ह."

"तू नीट बघितलंच नाहीस. कड घासते का बघ. जरासा आवाज येतोय."

"तो माझ्या दातांचा येतोय!"

नेव्हिलने मान हलवली, कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर आणखी एक बारीक रेघ मारली. त्या रेघा बघितल्या की ग्वेंडाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरं तर आता त्या तिला दिसतही नसत, पण पेन्सिलीचा आवाज ओळखीचा झाला होता.

मार्चमध्ये हा माणूस म्हणाला होता, दोन शनिवार-रविवारचं काम आहे. जुनी डिझेल गाडी, मागची सीट काढायची, तिथे प्लायवूडचा माचा ठोकायचा. वर गादी, खाली ड्रॉवर, कडेला फ्रिज. तंबू नको, जमिनीवर झोपणं नको, दोघांचेही गुडघे कामातून गेलेले. ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या पोर्ट ऑगस्टा गावात अर्ध्या गल्लीने आपापल्या गाड्यांत असले माचे ठोकलेत आणि बहुतेकांचे महिन्याभरात झालेत. पण त्या अर्ध्या गल्लीने चाळीस वर्षं रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम केलेलं नव्हतं. नेव्हिल ट्रँटरने केलं होतं. आता सप्टेंबर लागला होता आणि नेव्हिलचं नमनालाच घडाभर तेल चाललं होतं.

घाई ग्वेंडाला होती, आणि उगीच नव्हती. तिच्या नजरेच्या बरोबर मध्ये एक करडा ठिपका बसला होता. समोरच्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. काही बघायचं तर मान जरा तिरकी करून कडेने बघावं लागे. अॅडलेडची डॉक्टरीण चांगली होती, तिने गोडगोड बोलून फसवलं नाही. ठिपका वाढतोय, म्हणाली, जे डोळे भरून बघायचं असेल ते नाताळच्या आत बघून घ्या.

ग्वेंडाला एकच गोष्ट बघायची होती. उत्तरेकडचं ते मोठं खारं तळं, लेक एअर, पाण्याने भरलेलं. एरवी तिथे नुसतं मीठ. पाणी आलं तर कितीतरी वर्षांनी येतं, दूरच्या पावसाचं. चौऱ्याहत्तर साली आलं होतं, तेव्हा थोरला पोटात होता आणि नेव्हिल म्हणाला होता, पुढच्या वेळी जाऊ. पुढच्या वेळी त्याचा संप निघाला. त्याच्या पुढच्या वेळी त्याच्या पाठीचं दुखणं निघालं. यंदा मे महिन्यात पुन्हा पाणी आलं आणि या वेळी, कारण काय, तर ड्रॉवर!

ड्रॉवर तरी एकासारखा एक असावा की नाही? पाच ड्रॉवर आणि पाचांच्या मुठी पाच तऱ्हेच्या. एकाला दोरखंडाची गाठ, एकाला पितळेची कडी, एकाला लाकडी गोटी, एकाला चामड्याचा पट्टा, आणि एकाला जुन्या डब्याच्या खिडकीचा खटका. जुलैमध्ये त्या मुठी बसवायलाच त्याने तीन आठवडे घालवले होते.

"भंगारवाल्याच्या गाडीतून उचललंस का हे?" ग्वेंडाने तेव्हाच विचारलं होतं.

"असू दे. चांगल्या आहेत," एवढंच बोलून तो पुन्हा शेडमध्ये शिरला होता. चाळीस वर्षांच्या सुताराचा हा अवतार! त्यापेक्षा दुकानातून पाच सारख्या मुठी आणायला काय झालं होतं?

गुरुवारी दुपारी तळ्याजवळच्या मरी गावाहून तिच्या मावसबहिणीचा, आयलीनचा, फोन आला. "अगं, येणार असाल तर या आता," आयलीन म्हणाली. "किनारा रोज मागे चाललाय. पेलिकन उडून जायला लागलेत. आठ-दहा दिवस फार झाले. नंतर येऊन काय मीठ चाटणार आहात?"

ग्वेंडाने फोन ठेवला, अंगणात गेली आणि नेव्हिलच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "शनिवारी सकाळी निघायचं. माचा झालाय का नाही?"

आणि आश्चर्य म्हणजे नेव्हिल म्हणाला, "झालाय."

खरोखरच झाला होता. करडा गालिचा ताणून चिकटवलेला, कुठे सुरकुती नाही. माचा आणि गाडीची भिंत यांमध्ये बोटभरसुद्धा फट नव्हती, दोन्ही बाजूंना त्याने फळ्या अशा काही बेतून बसवल्या होत्या की झुरळ शिरलं नसतं. शुक्रवारी दोघांनी मिळून सामान भरलं. पाण्याचे कॅन, डबे, चहा, सॉसेजची पाकिटं, सगळं. वर गादी टाकली. ग्वेंडा त्यावर आडवी होऊन बघून आली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचा नवऱ्यावर राग नव्हता. अर्धा तास टिकलं ते.

शेजारचा मिलोश, नेव्हिलबरोबर रेल्वेतच असलेला, बिअरचा कॅन घेऊन माचा बघायला आला. त्याने वाकून बघितलं, ड्रॉवर ओढून बघितले, शीळ घातली. "वा! राणीच्या डब्यात नव्हतं असं काम!" मग डोकं खाजवत म्हणाला, "पण काय रे नेव्ह, तुझ्या गाडीचा जॅक कुठे असतो?"

"मागच्या भिंतीत. डाव्या बाजूला ते छोटं दार..."

नेव्हिल बोलता बोलता थांबला. ते छोटं दार त्याच्या सुबक फळीच्या मागे होतं. फळीचे बोल्ट आतून होते. आतल्या बोल्टांवर ड्रॉवरची चौकट होती, चौकटीवर माचा आणि माच्यावर सगळं बिऱ्हाड. एक मिलिमीटर इकडचा तिकडे न होऊ देणाऱ्या माणसाने जॅक जिवंत गाडला होता.

"पंक्चर झालं तर काय, फुंकर मारणार?" मिलोश म्हणाला, आणि ग्वेंडाचं तोंड बघून एक पाऊल मागे सरकला.

"सगळं उतरवायला लागेल," नेव्हिल म्हणाला. त्याचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेलाच. "फळी काढायची, दार ठेवून नवी बेतायची, बिजागरी, परत गालिचा... दोन आठवडे धर."

"दोन आठवडे?"

"रस्ता दगडगोट्यांचा आहे, ग्वेंडा. जॅकशिवाय नाही जाता येत."

"जॅक कारमध्ये मोकळा टाक!"

"काढल्याशिवाय टाकू कुठून?"

मग मात्र ग्वेंडाचा बांध फुटला. "सहा महिने! सहा महिने मी ऐकतेय, हे घासतंय, ते हलतंय, हे जरा तिरकं आहे. अरे, तिरकं तर मला आता सगळंच दिसतं! पाण्याला पाय फुटलेत, माझे डोळे चाललेत, आणि तू मुठी बसवतोयस. त्याही धड सारख्या नाहीत! केलंस काय तू एवढे दिवस?"

नेव्हिल बराच वेळ गालिच्यावरून हात फिरवत राहिला. मिलोश कुंपणाकडे बघायला लागला.

"सारख्या कशा बसवू?" नेव्हिल शेवटी म्हणाला. "नुसत्या हाताला कळायला पाहिजे ना तुला. दोरी म्हणजे चहा-साखर. कडी म्हणजे तुझे कपडे. चामडं म्हणजे औषधं. कुणाला विचारायला लागू नये तुला. पुढे... पुढे दिसेनासं झालं तरी आपण असेच जात राहू, असं मनात होतं माझ्या."

ते ऐकून ग्वेंडाला दुप्पट राग आला. प्रेमाने वेडा झालेल्या माणसावर ओरडता येत नाही म्हणतात, पण तिला आलं.

"अरे माझ्या कर्मा! आंधळी झाल्यावर चहाची डबी सापडावी म्हणून तू सहा महिने घालवलेस? आणि डोळे आहेत तोवर काय? डबी मी चाचपडत शोधीन, सांडीन, फोडीन. पाणी कसं चाचपडू, नेव्ह? बैल गेल्यावर झोपा करतोयस तू, आणि माझा बैल अजून दारात उभा आहे!"

नेव्हिलने मान खाली घातली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने सगळी मापं घेतली होती, तेवढं एक सोडून.

ग्वेंडा तरातरा शेडमध्ये गेली आणि विजेची छोटी करवत घेऊन आली. "मिलोश, तो डाव्या बाजूचा ड्रॉवर बाहेर काढ. जॅकचं दार कुठे येतं ते दाखव."

"ग्वेंडा, थांब, मी रेघ मारून देतो..."

"रेघ मला दिसत नाही. आणि तू रेघ मारायला लागलास की नाताळ येईल."

तिने फळीवर तळवा ठेवला, मिलोशने तिचा हात हातात धरून जागा दाखवली, तिने चार कोपऱ्यांवर अंगठ्याने दाबलं आणि खटका ओढला. करवत किंचाळली. नेव्हिलने डोळे मिटून घेतले. सहा महिन्यांचा तो करडा गालिचा चरचर फाटत गेला, भुसा उडाला, आणि दोन मिनिटांत फळीला एक वेडंवाकडं भोक पडलं. ग्वेंडाने आत हात घातला, छोटं दार उघडलं आणि जॅक ओढून गवतावर टाकला.

"दोन आठवडे," ती धापा टाकत म्हणाली.

नेव्हिल पुढे आला. भोकाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं आणि तो कळवळला. "निदान पॉलिशपेपर तरी मारू दे. कुसळं निघालीत."

"हात लावू नकोस! कुसळ टोचलं की मला कळेल इथे जॅक आहे. तुझ्या पाच मुठी, ही माझी सहावी."

मिलोश हसता हसता बिअर सांडून बसला. शनिवारी साडेसहाला ते निघाले.

वाटेत पंक्चर झालंच, मरीच्या अलीकडे. जॅक ग्वेंडानेच काढला, भोकातून, बोट सोलून घेत. आयलीनकडे एक रात्र काढली आणि रविवारी दिवस कलता कलता मिठाच्या कच्च्या वाटेने, धक्के खात ते तळ्यावर पोचले. नेव्हिलने गाडी उलटी लावली, मागचं दार उघडलं. ग्वेंडा माच्यावर उशीला टेकून बसली.

पाणी होतं. मागे सरकलेलं, पण होतं. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कडेकडेने तिला सगळं मिळत होतं, पांढरी मिठाची रेघ, तांबूस आभाळ, आभाळाखाली तसंच तांबूस पाणी. पन्नास वर्षं थांबली होती ती याच्यासाठी. फक्त जिथे नजर रोखावी तिथे तो करडा ठिपका येऊन बसत होता.

तिच्या पायाशी खरखर झाली. नेव्हिल खाली वाकून ड्रॉवर आत-बाहेर करत होता.

"धुळीने रेल जाम झालीय बघ. मी म्हणत होतो, कडेला रबर लावायला..."

"नेव्ह!"

"काय?"

"त्या ड्रॉवरला मर म्हणावं. इथे ये. बस माझ्याजवळ. कडा मला दिसतायत, मधलं दिसत नाही. मध्ये काय आहे ते सांग."

नेव्हिल गुडघे धरत वर चढला, तिच्या शेजारी टेकला. त्याने डोळे बारीक केले. "आता असं बघ, इथून पाण्याची कड साधारण दीडशे मीटर. त्याच्या पुढे उथळ आहे, अंदाजे..."

"मोजू नकोस रे बाबा!" ग्वेंडा ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचा आवाज फुटला. "आयुष्यात एकदा तरी नुसतं बघ. पुढच्या वेळी मला सगळं तुझ्याचकडून ऐकायचंय."

नेव्हिलने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. बराच वेळ तो समोर बघत राहिला, इतका वेळ की ग्वेंडाला वाटलं याला झोप लागली.

"पक्षी आहेत," तो म्हणाला. "पांढरे. बरेच आहेत. पाणी हलत नाहीये, त्यामुळे खालचे कुठले आणि वरचे कुठले ते कळत नाही."

"मग?" ग्वेंडा म्हणाली. "पुढे सांग."