कोरं सूप

मी एक जुनी काचनळी आहे, मित्रांनो. चौकोनी, बोटाएवढी, अंगावर ओरखडे. ते ओरखडे तेवढे लक्षात ठेवा.

आमच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवतात. सुपात, म्हणजे त्यांच्या पातळ खाद्यात, सोडले की ते खातात, वाढतात, सूप गढूळ होतं. ते माझ्यात भरून मला यंत्रात ठेवायचं आणि आरपार उजेड सोडायचा. जितका उजेड अडला तितके जंतू. पण त्याआधी कोरं, जंतू न सोडलेलं सूप भरून यंत्राला सांगायचं, हे बघ, हे शून्य. तेही माझ्यातच. प्रयोगशाळेचे सर त्याबाबतीत फार कडक. "शून्यही हिचंच, मोजमापही हिचंच!" मला मऊ कागदाने पुसायचे. म्हणायचे, "काय दिसतेस गं! नवरीच जणू!"

सर गेले. मागे राहिले त्यांचे जंतू, कारखान्याचं विषारी पाणी खाणारे. मग फ्रीझर बंद पडला, साठवलेले सगळे नासले. उरला एकच चंबू. तो सरांच्या लेकीने, ताईने, जगवायला घेतला. सूप पुरेसं गढूळ झालं की थेंबभर नव्या सुपात टाकायचं, जुनं फेकायचं. बस, एवढंच करत राहायचं.

ताईचा मदतनीस म्हणजे घाईबाबा. नाव तिनेच ठेवलेलं. त्याने मला चक्क तारेच्या घासणीने घासलं. मग नवी नळी आली.

"ताई, कोरं नवीत ठेवतो, जंतू जुनीत. नवी कशाला खराब करायची?"

"ठेव रे. काच ती काचच."

तिथेच घात झाला. उजेड अडायचा माझ्या ओरखड्यांवर, आणि यंत्र म्हणायचं, जंतू भरपूर! ते बिचारे वाढायच्या आतच थेंब पुढे जायचा, बाकीचे मोरीत. दर खेपेला आणखी विरळ. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

एका सकाळी ताईने चंबू खिडकीकडे धरला. पलीकडचं झाड आरपार दिसलं.

"हे कोरं का आणलंस?"

"कोरं कुठलं? आपले जंतूच ते. आकडा बघा ना, झकास आलाय!"

ताईने माझ्यात कोरं सूप भरलं. आकडा तोच. झकास.

तिने यंत्र बंद केलं. "बाबांचं एवढंच उरलं होतं रे."

घाईबाबा पहिल्यांदाच सावकाश बोलला. "पुन्हा वाढवू की."

"कशातून?"

मित्रांनो, काच हळू पुसत जा. आणि आकडा कितीही गोड असू दे, एकदा डोळ्यांनी बघत जा.

चंबूतलं ते शेवटचं सूप ताईने माझ्यात भरलंय, बूच लावून खिडकीत ठेवलंय. एखादा तरी उरला असेल म्हणून रोज वाकून बघते. माझ्या ओरखड्यांमधून पलीकडचं झाड दिसतं. पान न् पान.