आठ पायऱ्यांचा कोरडा नाच

लाओसमधल्या टेकडीवरच्या त्या गावाला परदेशी मदत उदंड मिळाली होती. सात वर्षांत सात सरकारांची माणसं येऊन हात कसे धुवावेत ते शिकवून गेली. पाणी मात्र एकानेही आणलं नाही. ते म्हणे दुसऱ्या खात्याचं काम. पाणी खालच्या ओढ्यात, तासाभराच्या उतरणीवर. गावची मुखिया सेंगदाव रोज दोन खेपा घालायची. तिच्या गुडघ्याने आता उघड बंड पुकारलं होतं. तिला एक हातपंप हवा होता, बाकी काही नको.

पाहुण्यांची विद्या वाया जाऊ नये म्हणून गाव कोरडाच सराव करायचं. तळव्याला तळवा, बोटांत बोटं, अंगठा, नखं, अशा आठ पायऱ्या. होता होता नववर्षाला लोक फेर धरून त्याच पायऱ्या नाचू लागले.

मग मदतीचे नियम सुधारले. आधी शिकवणीचं फळ दाखवा, मग पैसा. फळ बघायला मदत खात्याचे ओस्करसाहेब आले. झकास नाच दाखवला की पंप मिळेल, असा सेंगदावचा हिशेब. सगळं गाव नाचलं. साहेब गहिवरले.

"शंभर टक्के यश, ताई. तुमच्या गावाला आता मदतीची गरजच नाही."

 सेंगदाव करायला गेली गणपती, झाला मारुती. पण पाहुण्याला उपाशी कसं धाडायचं?

"दादा, जेवून तरी जा."

चिकट भात आणि भाजक्या मिरच्यांचा ठेचा पुढे आला. साहेब इकडेतिकडे बघू लागले.

"हात कुठे धुवू?"

"तुमच्याच लोकांनी शिकवलंय तसे. पाणी होतं तेवढं भात भिजवण्यात संपलं."

साहेबांनी हवेतच हात धुतले.

"अंगठा राहिला," म्हातारा थोंगदी म्हणाला.

जेवण झालं, हात पुन्हा कोरडेच धुतले. मग साहेबांना तो नाच आठवला, पुन्हा गहिवर आला, आणि त्यांनी बोटाने डोळा पुसला.

"पाणी! ताई, पाणी!"

"आहे की. खाली ओढ्यात."

सेंगदावच्या खांद्यावर हात ठेवून साहेब तासभर ठेचकाळत उतरले. तिचा गुडघा वाटभर कटकट वाजत होता. येताना पाण्याचा डबा त्यांनीच उचलला आणि अर्ध्या चढावर मटकन बसले.

"तुम्ही हे रोज करता?"

"दोनदा. पण डोळ्यांत मिरची नसते."

तीन महिन्यांनी पंप आला. सोबत आठवी शिक्षिकाही आली. गाव रांगेत उभं राहिलं, खळखळून पाणी पडलं आणि आठही पायऱ्या चुकल्या. ओले हात निसटू लागले, थोंगदी अंगठा विसरला, निम्म्या गावाने तर सरळ तोंडच धारेखाली घातलं. 'या गावाला प्रशिक्षणाची नितांत गरज आहे,' बाईंनी वहीत लिहिलं.

सेंगदावने ते वाचलंही नाही. ती पंपाखाली गुडघा धरून खुशाल बसली होती.