कुणाच्या सांगण्यावरून

सत्तावीस वर्षे मसुदाकार विधिमंडळाच्या तिसऱ्या मजल्यावर बसून कायदे लिहीत होता, आणि त्यांपैकी एकावरही त्याचे नाव नव्हते. कायदा विधिमंडळाचा, अंमल सरकारचा; लिहिणारा कुणाच्या खिजगणतीत नाही, ही तिथली रीतच होती. रीतीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती धाकट्या भावाबद्दल. धाकटा न्यायमूर्ती होता, आणि त्याच्या प्रत्येक निकालाच्या माथ्यावर त्याचे नाव ठळक अक्षरांत छापून येई. शाळेत याच धाकट्याचे निबंध थोरल्याने लिहून दिले होते!

त्या रविवारी जेवणाच्या टेबलाशी धाकट्याने नकळत जखमेवर मीठ चोळले.

"दादा, तुमच्या खात्यात कुणी नवशिका घेतलाय का रे?"

"का?"

"दुकानांना टाळं ठोकायच्या कायद्यातलं कलम बावीस! 'अधिकाऱ्यास आवश्यक वाटल्यास' म्हणे. आरोप करणारा तोच, निवाडा करणाराही तोच. मग आम्ही न्यायालयात काय माशा मारायच्या? परवा रद्द करून टाकलं."

मसुदाकाराची बायको काही बोलणार, तोच त्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला. कलम बावीस त्याचेच होते. अठरा दिवस घासूनपुसून लिहिलेले.

सोमवारी मंत्र्यांचा निरोप आला: टाळे ठोकण्यापूर्वी दुकानदाराला सात दिवसांची नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐकून घ्या, अशी दुरुस्ती करून विषय मिटवा. काम तासाभराचे होते, तासाभरात झालेही. पण लेखणी थांबेना. तिने आणखी एक पोटकलम लिहिले: "या कलमाखालील आदेशास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही." लिहिताना मसुदाकाराच्या काळजाला गारवा वाटला. आता कर म्हणावे रद्द! अधिवेशन संपत आले होते, आणि शेवटच्या दिवशी विधेयके वाचण्यासाठी नव्हे, तर हात वर करण्यासाठी असतात, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

मसुदा पुढे धाडण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून घेण्याचा खात्यात प्रघात होता. हे काम तपासनीस बाईंचे. शिवाय प्रत्येक कलमासमोर समासात एक रकाना असे: 'कुणाच्या सांगण्यावरून'. बाई तीन पोटकलमे घडाघडा वाचून गेल्या आणि चौथ्यावर थबकल्या.

"साहेब, हा रकाना कोरा आहे. मंत्र्यांनी सांगितलंय का हे?"

"सांगितलं नाही. पण आवडेल त्यांना."

"आवडेल की! मांजराला दुधाची राखण कधी नावडली आहे? पण रकान्यात काय लिहू? 'आवडेल' असं?"

"तुम्ही पुढे वाचा हो."

"कोऱ्या रकान्यापुढे वाचायचं नाही, हा नियम तुम्हीच केलाय."

नियम त्याचाच होता. मंत्र्यांचे पद लिहिणे सोपे होते. परंतु त्या रकान्यात त्याने आजवर खोटे अक्षर लिहिले नव्हते. अखेर त्याने लेखणी उचलली आणि तिथे स्वतःचे नाव लिहिले. सत्तावीस वर्षांत प्रथमच ते कायद्याच्या कागदावर उमटले होते. तो त्याच्याकडे पाहत राहिला. उद्या कुण्या दुकानदाराने बंद दारापुढे उभे राहून विचारले, की माझी न्यायालयाची वाट कुणी अडवली, तर उत्तर इथे होते. का अडवली, याचे उत्तर मात्र कोणत्याच रकान्यात बसणारे नव्हते. बाई चष्म्यावरून बघत होत्या.

त्याने पोटकलमावर आणि नावावर एक सरळ रेघ ओढली, बाजूला आद्याक्षरी केली.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आणि नियमाप्रमाणे खोडलेलंही वाचता येतंय."

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"दादा, वहिनी बोलली. बावीस तुझं होतं! आधीच का नाही सांगितलंस? मी ते प्रकरण दुसऱ्याकडे सोपवलं असतं."

"म्हणजे तिथेही निःस्पृह तूच ठरला असतास."

धाकटा हसला. "खरं सांगू? भाषा सुरेख होती रे. इतकी गुळगुळीत, की अधिकारी तिच्यावरून कुठवर घसरत जाईल याचीच धास्ती वाटली."

अठरा दिवसांच्या श्रमांतला दोष त्या एका वाक्याने चिमटीत पकडला होता, आणि ते वाक्य मसुदाकाराला स्वतःला सुचले नव्हते.

"हे निकालपत्रात लिहिलंस?"

"छे! निकालात थट्टा शोभते का? तू दादा, म्हणून बोललो."

म्हणजे ते वाक्य कुठेही छापून येणार नव्हते, आणि त्याच्या माथ्यावर कुणाचेही नाव नसणार होते. पुष्कळ दिवसांनी मसुदाकाराला हायसे वाटले.

"रविवारी जेवायला ये," तो म्हणाला.